अक्काची कार्तिकी

१५ जानेवारी, बुधवार

ह्यांच्या कंपनीनं नव्या वर्षाची डायरी दिली. हे म्हणाले, मला शिफ्टमध्ये घाम पुसायला वेळ नाही, तूच लिही काहीतरी. दोन आठवडे कपाटावर धूळ खात पडलेली. काल संक्रांतीचं वाण लुटून झालं, आज जरा हात मोकळे झाले म्हणून उघडली. बारावीला मराठीत मला बहात्तर मार्क होते. बघू किती दिवस टिकतंय ते.

आमचं घर उमापूरच्या वेशीबाहेर, भावकीच्या रांगेतलं शेवटचं. सासरे बद्रीनाथ म्हणजे मामंजी, सासू बायनाबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते. थोरले दीर अभिमन्यू भाऊजी आणि त्यांची बायको सत्यशीला, म्हणजे आमची अक्का, हे दोघं दिवाळी झाली की सांगलीकडं ऊस तोडायला जातात ते पार शिमग्याला परत येतात. मधले पंडित भाऊजी इथली शेती बघतात, दिपालीताई त्यांची. धाकटे आमचे हे, रामेश्वर, वाळूजला. रविवारी आले तर आले. आणि मी वर्षाराणी. राणी फक्त नावात, बाकी दिवसभर चूल आणि भांडी.

लेकरं चार. दिपालीताईचा हनुमान आणि गौरी. अक्काचा पप्पू, चौथीतला, आणि कार्तिकी. ती ह्या कार्तिकात दोन वर्षांची झाली. गेल्या साली उसाच्या फडावर चुलीतलं जळतं लाकूड तिच्या पायावर पडलं, डाग अजून आहे. म्हणून ह्या वर्षी अक्कानं तिला पहिल्यांदाच मागं ठेवली. ट्रॅक्टरवर चढताना मला म्हणाली, "वर्षा, तुझ्या जिवावर ठेवते." माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली, पाळणा काही हलला नाही. गावातल्या बायका विचारून विचारून दमल्या. आता कार्तिकीला काखेत घेऊन नळावर गेलं की कुणी विचारत नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

अंगणवाडीच्या वत्सलाबाई आल्या होत्या. कार्तिकीची गोवराची सुई राहिलीय म्हणे. नऊ महिन्यांची झाली तेव्हा खुरपणी, नंतर कधी सर्दी, कधी अक्का माहेरी, राहतच गेली. आज शाळेत डॉक्टर येणार, घेऊन ये म्हणाल्या. मी म्हणलं, रविवारी तिचं बोरन्हाण आहे. आज सुई दिली की दोन दिवस ताप, रडरड, सगळा विचका व्हायचा. पुढच्या महिन्यात नक्की आणते. त्या म्हणाल्या, बोरन्हाण काय पळून चाललंय का? मी म्हणलं, मग सुई तरी कुठं पळून चाललीय. दोघीही हसलो. चहा घेऊन गेल्या.

१९ जानेवारी, रविवार

झालं बाई बोरन्हाण, लई थाटात झालं. आत्याबाईची सकाळपासून भुणभुण चालली होती, आमच्यात असलं काही नसतं, बोरं काय डोक्यावर वतायची वस्तू हाय का. माझ्या माहेरी करतात, मी कुठली ऐकते. गेवराईहून हलव्याचे दागिने आणले होते, मुकुट, हार, बाजूबंद, कमरपट्टा. काळा झगा मीच शिवला. कार्तिकी पाटावर अशी ऐटीत बसली की जसं काय रोजच बसते. गळ्यातला हलवा ओढून ओढून तोंडात घालत होती. मी डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, गोळ्या सोडल्या आणि गल्लीतली लेकरं तुटून पडली. शेजारच्या हरिबा काकांचा नातू पुण्याहून आलाय, तो तर सगळ्यांना ढकलून पुढं. डोळे लाल, नाक वाहतंय, खोकून खोकून बेजार, पण बोरं वेचण्यात पहिला. शेवटी कार्तिकीच्या पाटावरच येऊन बसला. त्याच्या आईला म्हणलं, अहो त्याचं नाक तरी पुसा. तर म्हणाली, प्रवासाची सर्दी आहे.

अक्काला फोटो पाठवले. संध्याकाळी तिचा फोन आला, दिवसभर तोडून आलेली, आवाज बसलेला. म्हणाली, किती मोठी दिसती गं. मग म्हणाली, मी असते तर मीच बसवली असती पाटावर. मी म्हणलं, तुमी आणि मी काय वेगळ्या हाय का अक्का. तिनं फोन ठेवला. तिकडं रेंजचा लई त्रास आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज कार्तिकी मला आई म्हणाली. मी भाकरी थापत होते, मागून गळ्यात पडली आणि स्पष्ट म्हणाली. काकी म्हणायला लावलं तर "काई" म्हणायची, तेच वळून झालं असंल. माझा हात पिठात तसाच राहिला. दोन मिनिटं मला पुढची भाकरी सुचेना.

पप्पू तिथंच पाटीवर गणितं करत बसला होता. लगेच म्हणाला, "ती काकी हाय. आई तिकडं हाय." त्याला काय गरज होती? मी म्हणलं, तुझी गणितं कर. लेकरू बोलायला शिकतंय तर बोलू द्यावं, सारखं टोकलं की मुकं होतं.

संध्याकाळी अक्काचा व्हिडिओ कॉल. कार्तिकी फोनकडं बघेना, माझ्या पदरात तोंड घालून बसली. अक्का तिकडून पिलू, पिलू करत होती. मी काही शिकवलेलं नाही तिला. लेकराला रोज समोर दिसतं तेच माणूस कळतं, त्यात कुणाचा काय दोष.

२९ जानेवारी, बुधवार

गौरीला ताप. सर्दी, खोकला, डोळे लालेलाल. दिपालीताई म्हणाली बोरं बाधली. मी म्हणलं दहा दिवसांनी कुठं बोरं बाधतात, उगं माझ्या बोरन्हाणावर ढकलू नका. जरा कुरबुर झाली. नंतर मीच तिला आल्याचा चहा करून दिला. हरिबा काकांच्या घरातही दोन लेकरं झोपून आहेत. त्यांचा नातू मात्र बरा होऊन पुण्याला गेला.

१ फेब्रुवारी, शनिवार

गौरीच्या कानामागून पुरळ उठलं, संध्याकाळपर्यंत तोंडभर, गळाभर. आत्याबाईनं कंदील धरल्यासारखा मोबाईलचा उजेड धरून बघितलं आणि लगेच हात जोडले. देवी आली. गोवर म्हणायचं नाही, देवी आली म्हणायचं.

मग काय, सगळं घर बदललं. दाराला लिंबाचे डहाळे. फोडणी बंद, तळण बंद, मामंजींनी दाढी करायची नाही, कुणी डोक्याला तेल लावायचं नाही. औषध नाही, सुई नाही, त्यानं देवी कोपते. बाहेरचं माणूस घरात घ्यायचं नाही. माजघरात पोतं अंथरून गौरीला झोपवलं. रात्रीपासून हनुमानचंही अंग तापलं, त्यालाही तिथंच. भावकीतली सात लेकरं पडलीत म्हणे. एका घरात तर तिघं एका अंथरुणावर.

पप्पू ठणठणीत आहे. त्याला काही होत नाही, चिवट पोरगं.

कार्तिकीचं कपाळ मी दर थोड्या वेळानं बघतेय. थोडं कोमट लागतंय. पण माझा हातच गार असंल.

२ फेब्रुवारी, रविवार

दिपालीताईनं कमाल केली. पहाटे आत्याबाई परसाकडं गेल्या, तेवढ्यात हिनं रिक्षा बोलावली, दोन्ही लेकरं चादरीत गुंडाळली आणि गेवराईच्या दवाखान्यात निघाली. पंडित भाऊजी सोबत. मला दाराशी बोलावून म्हणाली, कार्तिकीचंही अंग तापलंय, दे तिला, एकदाच दाखवून आणते.

मी नाही म्हणलं. एक तर तिला अजून काही उठलेलं नाही. तिथं सगळ्या गावाची आजारी लेकरं, नसलेलं दुखणं गळ्यात पडायचं. शिवाय ते डॉक्टर लोक भरती करून घेतात आणि आधी विचारतात आई कुठंय, आईला बोलवा. अक्का तिकडं काम टाकून येणार, पोरीला बघून गळा काढणार, आणि जाताना तिला सोबतच घेऊन जाणार. म्हणजे परत त्या फडावर, पाचटात, विस्तवाशेजारी. लेकराच्या भल्याचं बघायला नको का?

दिपालीताई म्हणाली, "वर्षा, इचार कर." मी म्हणलं, केलाय.

आत्याबाईनं परत आल्यावर घर डोक्यावर घेतलं. पण दुपारी दोन्ही लेकरं आली ती औषधं घेऊन आणि तोंडात कसलेसे पिवळे थेंब पाडून. आत्याबाईनं देवीपुढं नाक घासलं आणि गप बसल्या.

हे ह्या रविवारी आले नाहीत. ओव्हरटाईम.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज कार्तिकीलाही उठलं. आधी कानामागं, मग गाल, मग सगळं अंग. ताप चढलेला. डोळे उघडत नाही, उजेड लागला की रडते. तोंडात फोड आलेत, दूध गिळवत नाही. मी दिवसभर मांडीवर घेऊन बसले, मांडीवरून खाली ठेवलं की किंचाळते. आत्याबाई म्हणाल्या, मी घेते, तू दोन घास खा. त्यांच्याकडंही गेली नाही.

ती माझ्याशिवाय कुणाकडं जात नाही. पाठ मोडून आली तरी मनाला बरं वाटत होतं, खरं ते लिहिते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज आत्याबाई म्हणाल्या, हिच्या आईला बोलावून घे. देवीची ओटी जन्म दिलेल्या आईनंच भरायची असती, त्याशिवाय ती घरातून जात न्हाई. मी म्हणलं, बाहेरचं माणूस चालत नाही म्हणता ना? तर म्हणाल्या, आई काय बाहेरची असती का.

मी सांगते म्हणलं. फोन घेऊन मागच्या अंगणात गेले, थोडा वेळ थांबले आणि परत येऊन म्हणलं, लागत नाही. खरं म्हणजे लावला नव्हता. लावला असता तरी ती दिवसा कुठं उचलते, कोयता चालू असतो. आणि यायला एक रात्र लागते, तोपर्यंत पोरगी बरी होऊन खेळायला लागली असती. मग मी म्हणलं, आत्याबाई, ओटी मीच भरते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, भर बाई, लेकरू तुझ्याच अंगाखांद्यावर हाय.

नवी हिरवी साडी नेसले. खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या, दहीभाताचा नैवेद्य. आईच्या जागेवर बसून मी कधी काही केलं नव्हतं.  माझ्या लेकराला सोड, एवढंच म्हणलं देवीला.

संध्याकाळी अक्काचाच फोन आला. पिलू कशी हाय? मी म्हणलं, अंगावर जरा देवी आलीय, सगळ्याच लेकरांना आलीय, उतरतीय आता. ती घाबरली, येते म्हणाली. मी म्हणलं, आत्याबाई म्हणतात देवी घरात असताना बाहेरून कुणी यायचं नाही, कोप होतो. नऊ दिवस दम धरा. ती रडायला लागली. म्हणाली, मग तिला फोनवर तरी दाव. मी म्हणलं, झोपलीय, उजेडानं डोळे दुखतात. ते तर खरंच होतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

गौरी उठून बसली, वरणभात खाल्ला. हनुमानचं पुरळ काळं पडत चाललंय, तो तर अंगणात जायला भांडतोय.

कार्तिकीच्या छातीत घरघर वाजतेय. श्वास लई भराभर घेते, घेताना बरगड्या आत जातात. आत्याबाईनं लिंबाच्या पाल्यानं अंगावरून उतरवलं, पुटपुटत राहिल्या. मी ओवा भाजून पुरचुंडी केली, छाती शेकली. दिपालीताई दोनदा येऊन गेली, दोन्ही वेळा म्हणाली दवाखाना. मी म्हणलं, उद्या सकाळी बघू, आता जरा डोळा लागलाय.

आज ती मला आई म्हणाली नाही. काहीच बोलली नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

डायरी घरीच राहिलेली. आज हातात घेतली. लिहायचं कशाला, वाचणार कोण. पण लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

शनिवारी सकाळी कार्तिकीचे ओठ निळे पडले. दिपालीताईनं मला काही विचारलंच नाही, माझ्या मांडीवरून तिला उचललं आणि रिक्षात बसली, मी मागून पळत चढले. गेवराईत डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि लगेच अँब्युलन्सनं बीडला पाठवलं. दिपालीताईला घरच्या लेकरांसाठी परतावं लागलं. जाताना तिनं माझ्यासमोर अक्काला फोन लावला, पहिल्याच घंटीला उचलला तिनं. दिपालीताई एवढंच म्हणाली, असशील तशी नीघ.

बीडला आत घेताना तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आई कोण? मी म्हणलं, मीच. त्या वेळी दुसरं काय म्हणणार, लेकरू माझ्या हातात. त्यांनी विचारलं, गोवराची लस दिलीय का, मी मान हलवली. कशी हलवली, हो का नाही, मला आता आठवत नाही. गोवर छातीत उतरलाय म्हणाल्या, न्यूमोनिया. लई उशीर केला म्हणाल्या, पण ओरडल्या नाहीत. नाकाला ऑक्सिजन, हाताला सुई. त्या सगळ्या बायांनी लई धावपळ केली, खोटं कशाला बोलू. खोलीत लेकरापाशी एकाच बाईला बसू देत होते, तेही तोंड बांधून.

अक्का रविवारी सकाळी पोचली. साखर कारखान्यावरून ट्रकनं सोलापूर, तिथून एसटी. दारावरचा माणूस म्हणाला, लेकराजवळ फक्त आई थांबते, आणि आई आत आहे. ती म्हणाली मी आई हाय. तो म्हणाला, बाई, सगळ्या असंच म्हणतात.

नर्सनं येऊन मला सांगितलं, बाहेर एक बाई बसलीय, मी आई हाय म्हणते. कार्तिकीचा तेव्हा नुकताच डोळा लागलेला, माझं बोट मुठीत धरून. सोडवलं असतं तर जागी झाली असती. मी म्हणलं, जरा वेळ थांबू द्या त्यांना. तो जरा वेळ दुपारपर्यंत गेला.

मग मी बाहेर आले. अक्का भिंतीला टेकून फरशीवर बसली होती. अंगावर फडावरचीच साडी, वरून नवऱ्याचा जुना शर्ट, पायाला चिखल वाळलेला. हाताची बोटं पानांनी चिरलेली. मला बघितल्याबरोबर उठली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, किती दमलीस गं. मग आत गेली.

दारातल्या काचेतून मला दिसत होतं. तिनं तोंडाचं कापड नीट बांधलं, खाली वाकली, पिलू म्हणाली असंल. कार्तिकीनं डोळे उघडले, तिला बघितलं आणि रडायला लागली. तोंड फिरवून दाराकडं हात केला. रडली तसा दम लागला, पाठीमागचं यंत्र वाजायला लागलं, नर्स धावली. म्हणाली, जिच्यापाशी शांत राहतं तिला पाठवा, हिला रडू देऊन चालणार नाही.

अक्का बाहेर आली. तिच्या तोंडाकडं मला बघवेना. म्हणाली, "तू जा आत. तुझ्यापाशी गप राहती. माझ्यापाशी रडून दम जाईल तिचा."

मी गेले. मला वाटत होतं, बघितलंत ना अक्का, कुणाला हाक मारते ती. हे वाटलं होतं, तेव्हा, तिथं. लिहून ठेवते.

सोमवारी दुपारी गेली. माझ्या मांडीवर. आधी श्वास भराभर चालला होता, मग मध्ये मध्ये थांबायला लागला. मला वाटलं आराम पडतोय. मी थोपटत राहिले. नर्सनं माझा हात धरला तेव्हा कळलं. अक्का बाहेर काचेला कपाळ लावून उभी होती. तिला माझ्या आधी कळलं.

अभिमन्यू भाऊजी आणि हे संध्याकाळी आले. आमच्या शेतात बांधाला पुरली. मामंजी स्वतः खड्ड्यात उतरले, कुणाला उतरू दिलं नाही. हरिबा काकांच्या घरातली एक पोर अजून दवाखान्यात आहे. भावकीतली बाकीची उठली, बोरं खात हिंडतायत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बायका भेटायला येतात. सगळ्या माझ्याकडं बघून म्हणतात, सख्ख्या आईनं केलं नसतं एवढं केलं हिनं. अक्का शेजारीच बसलेली असते. मला ओशाळल्यासारखं होतं, पण लोकांच्या तोंडाला कुठं हात लावणार. एकीनं तर माझंच डोकं मांडीवर घेतलं.

आज आत्याबाई अक्काला म्हणाल्या, तुझा फोन लागला असता तर ओटी तूच भरली असतीस. मी म्हणलं होतं वर्षाला, आईला बोलाव, आई काय बाहेरची असती का. नशिबात नव्हतं बघ.

अक्कानं मान वर केली आणि माझ्याकडं बघत राहिली. लई वेळ. मी ताटं गोळा करायला उठले. ती उठून पप्पूपाशी जाऊन बसली. थकलीय, दुसरं काय. तिला एवढं कुठं ध्यानात राहणार, कोण काय म्हणलं ते.

दिपालीताईनं गौरीला माझ्याकडं झोपायला पाठवणं बंद केलंय. म्हणाली, अजून अशक्त हाय. असंल.

१७ फेब्रुवारी, सोमवार

अक्का आणि भाऊजी आज परत गेले. ऊसतोडीची टोळी कुणासाठी थांबत नाही, नवरा-बायकोची जोडी नसली की खाडे पडतात, पैसे कापतात. गावातल्याच एकाची जीप तिकडं चालली होती.

सकाळपासून ती पप्पूचं आवरत होती. मला आधी कळलंच नाही. त्याचे दोन शर्ट, स्वेटर, दप्तर, सगळं एका गाठोड्यात. मी म्हणलं, अक्का, हे काय, त्याची शाळा? परीक्षा दीड महिन्यावर आलीय, हुशार पोरगं आहे, तिकडं पाचटात बसून काय शिकणार. वत्सलाबाईंनाही मी बोलावून आणलं, त्यांनीही समजावलं. मामंजी म्हणाले, राहू दे त्याला, आमी हाय की. अक्का कपड्यांच्या घड्या घालत राहिली. पप्पू आपणहून चपला घालून जीपपाशी जाऊन उभा राहिला.

मग मी तिचा हात धरला. म्हणलं, माझ्यावर सोडा त्याला. पोटच्या लेकरासारखा सांभाळीन.

ती गाठोड्याला गाठ मारत होती. ती पुरी मारली आणि मग माझ्याकडं बघितलं. आवाज चढवला नाही, रडली नाही. म्हणाली, "तू लई जीव लावलास वर्षा, मला ठाव हाय. पण ह्याला ताप आला तर मला दिसंल तरी."

एवढंच. ह्यापेक्षा चार बायकांत तिनं माझ्या तोंडात मारली असती तर बरं झालं असतं. मी काहीतरी म्हणणार होते, अक्का मी, असं तोंडातून निघालंही. ती थांबली, माझं ऐकायला थांबली.  मग तिनं गाठोडं उचललं.

पप्पूला तिनं मधोमध बसवलं, स्वतः दाराकडं. मी पाण्याची बाटली न्यायला पळाले, तर म्हणाली, भरून घेतलीय. जीपवाल्यानं दोनदा हॉर्न दिला, कुत्री भुंकली, गेली.

दाराचे लिंबाचे डहाळे वाळून खडखडीत झालेत, अजून कुणी काढले नव्हते. मी स्टुलावर चढून काढले. मग आत आले. आत्याबाईनं विचारलं, किती भाकरी टाकायच्या. मी बोटांवर माणसं मोजायला लागले, दोनदा चुकले.